दाटी नेमकी कुठे कमी झाली?

मुंबई महानगर प्रदेशातील घरे आणि लोकसंख्या यांविषयीच्या एका अहवालासाठी मी आकडेवारीचे काम पाहत होते, तेव्हाची ही गोष्ट. २०२१ ची जनगणना झालेलीच नव्हती, त्यामुळे हाताशी होती ती २०११ ची, आणि तिच्यातही आजचा पालघर जिल्हा ठाण्यातच धरलेला, कारण तो वेगळा झाला २०१४ मध्ये. मसुद्यात एक वाक्य होते: २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली असून तेथील घरांवरचा ताण हलका झाला आहे. वाक्याचा पूर्वार्ध बिनचूक होता. उत्तरार्धाला आधार सापडतो का, हे पाहण्यासाठी मी त्या दिवशी तक्ते उघडले.

घट सगळीकडे सारखी नव्हती. काळबादेवी-भुलेश्वरचा, महापालिकेचा सी विभाग जवळजवळ २ लाख ३ हजारांवरून १ लाख ६६ हजारांवर उतरला होता. हा घाऊक बाजाराचा भाग. जिथे बिऱ्हाड होते तिथे गोदाम किंवा कचेरी आली, की माणसे कमी होतात, पण शेजारच्या बिऱ्हाडाच्या वाट्याला त्यातून एक खोलीही जास्त येत नाही. त्यामुळे दर चौरस किलोमीटरमागची घनता हे माप मला इथे जवळपास निरुपयोगी वाटले. त्यापेक्षा घरयादीतले, म्हणजे जनगणनेआधी घरोघरी जाऊन घरांची नोंद करतात तिच्यातले, दोन साधे प्रश्न अधिक बोलके आहेत: कुटुंबाकडे खोल्या किती, आणि घरात विवाहित जोडपी किती. देशातील शहरी घरटंचाईचा अंदाज बांधणाऱ्या २०१२ च्या तांत्रिक गटाने १ कोटी ८८ लाख घरांची तूट सांगितली होती. तिच्यातला सुमारे ८० टक्के भाग बेघरांचा नसून दाटीचाच होता, म्हणजे घर आहे पण जोडप्याला स्वतंत्र खोली नाही अशा कुटुंबांचा.

हे मी कचेरीत बोलून दाखवत असताना आमच्या एक सहकारी बाई, ज्यांनी २०१० मध्ये प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघरी जाऊन नोंदी घेणाऱ्या कर्मचारी म्हणून, गिरणगावातल्या चाळींत घरयादी केली होती, त्या सहज म्हणाल्या, "पोटमाळा आम्ही खोली म्हणून धरत नव्हतो." नियमच तसा होता. खोली म्हणजे किमान २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २ मीटर उंच जागा. पोटमाळ्यावर ताठ उभे राहता येत नाही, म्हणून मुलगा-सून वर आणि सासू-सासरे खाली झोपत असले, तरी फॉर्मवर खोली एक आणि जोडपी दोन. पुढे बाईंनी जे सांगितले त्याने मात्र माझा हात थांबला. तिथल्याच एका चाळीत एक कुटुंब असे होते, की ज्यातला धाकटा मुलगा लग्नानंतर नालासोपाऱ्याला राहायला गेला होता आणि नोकरीसाठी रोज लोकलने परत शहरातच येत होता. तिथे फॉर्मवर खोली एक, जोडपे एक. तक्त्याच्या हिशेबाने ते घर सुधारले होते.

म्हणजे दाटी कमी दिसण्याचे एक कारण घर वाढणे नसून माणूस बाहेर पडणे हे होते, आणि तो बाहेर पडलेला संसार मोजला गेला ठाणे जिल्ह्यात, जो त्याच दशकात ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेला. (ती सगळी वाढ मुंबईतून गेलेल्यांची नव्हे, बाहेरगावांहून थेट आलेलेही पुष्कळ.) जनगणनेत एकाच कुटुंबाचे हे दोन भाग कुठेच जोडले जात नाहीत. त्यातच बृहन्मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी नोंदलेली. ती याच लोकांना परवडणारी असती, तर धाकट्याला विरार लोकल धरावी लागली नसती.

बैठकीत वरिष्ठांनी विचारले, "ताण कमी झाला की नाही, एका शब्दात सांगा." एका जिल्ह्यापुरते उत्तर देता येणार नाही, असे मी सांगितले. बरीच वादावादी झाली. शेवटी वाक्याचा उत्तरार्ध गाळला गेला आणि शहर, उपनगर व ठाणे यांचे खोल्या-जोडप्यांचे तक्ते एकाच पानावर घ्यायचे ठरले. पोटमाळ्याची गोष्ट तळटीपेत गेली.