बारहनाजाच्या पायऱ्यांवर

ऋषिकेशहून चंब्याकडे जाणारी जीप आग्राखाल ओलांडून हेंवल नदीच्या खोऱ्यात उतरली, तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. नदीकाठच्या ओलिताच्या शेतांना इथे ‘सेरा’ म्हणतात आणि डोंगरावरच्या कोरडवाहू पायऱ्यांना ‘उखड’. सेऱ्यातला भात डोळ्यांना सुखावणारा होता, पण मला उखडीत जायचे होते.

त्याला कारण माझीच फजिती. भोर तालुक्यातल्या आमच्या दोन एकर उतारावर मी पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या घडणीवर बेतलेल्या शेतीच्या, छापील आराखड्याबरहुकूम चर खणले होते, आणि पहिल्याच आषाढात वरचा चर फुटून खालची माती ओढ्याला गेली. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात या विचाराला नाव दिले, तेव्हापासून निसर्गाचे निरीक्षण ही त्याची पहिली पायरी मानली जाते. मी थेट दुसरीवर उडी मारली होती. गढवालच्या शेतकऱ्यांनी मात्र हे नाव जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून उतार वाचून पेरणी केलेली आहे.

उखडीतल्या त्यांच्या मिश्रपिकाला बारहनाजा म्हणतात, म्हणजे बारा धान्ये, मात्र बाराचा आकडा कोणी काटेकोरपणे मोजत नाही. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो, त्या साठीच्या बाईंना सगळे ‘बोडी’ म्हणजे मोठी काकू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या ‘कोदा’ दाखवत होत्या आणि मी आपला कोदरा शोधत होतो. इथला कोदा म्हणजे मंडुआ, अर्थात आपली नाचणी, हे कळायला थोडा वेळ गेला. ‘कोदा-झंगोरा खाएंगे, उत्तराखंड बनाएंगे’ ही वेगळ्या राज्यासाठीच्या आंदोलनातली घोषणा मला तोवर अर्धीच समजली होती.

बांधावर उकिडवे बसून पाहिले, तेव्हा त्या गर्दीतली शिस्त ध्यानात आली. लालभडक कणसांचा राजगिरा सगळ्यांच्या वर उभा होता, त्याच्या दांड्याला राजम्याच्या वेलाने दोन वेढे घातले होते, मधल्या थरात नाचणी होती आणि सगळ्यांत खाली गहत, म्हणजे आपला कुळीथ, जमीन झाकून पसरला होता. चार दिवस पाऊस नव्हता, तरी त्या पाल्याखाली बोट खुपसल्यावर पेरभर खोलीवर ओल लागली. नाचणीच्या तंतुमुळांचे जाळे वरची माती धरते, कडधान्ये नत्र देतात, आणि प्रत्येकाची काढणी वेगळ्या वेळी येत असल्यामुळे शेत एकदम उघडे पडत नाही. दाट उगवलेले रोप बैलांच्या दंताळ्याने विरळ करतात.

गावाची जमीन दोन भागांत वाटलेली असते, त्यांना ‘सारी’ म्हणतात. एका सारीत नाचणीचे मिश्रपीक, दुसरीत झंगोरा, जो आपल्या उपवासाच्या भगरीचा भाऊबंद. झंगोऱ्यामागे गहू येतो, नाचणीमागे मात्र जमीन हिवाळाभर पडीक राहते आणि पुढच्या वर्षी साऱ्या बदलतात.

खताचे गणित शेताबाहेर, बांजच्या, म्हणजे इथल्या ओक वृक्षांच्या, रानात सुटते. पाठीमागून पांढुरकी लव असलेली ती पाने गोठ्यात अंथरतात आणि शेणमुतात कुजवून शेतात नेतात. मी वाटेतल्या चीडच्या, म्हणजे पाइनच्या, सुया वेचून ‘या का नाहीत?’ असे विचारले, तर बोडी म्हणाल्या, “त्या लवकर कुजत नाहीत, पेट मात्र लगेच घेतात. चीडखाली काय उगवतं ते बघ आणि बांजखाली काय उगवतं ते बघ.” चीडखाली खरोखरच जवळजवळ काही नव्हते.

१९८०च्या दशकात या मिश्रपिकाच्या जागी निव्वळ सोयाबीन घ्यावे, असा सरकारी आग्रह होता. झाडे वाचवणाऱ्या चिपको आंदोलनातून आलेल्या विजय जडधारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास याच खोऱ्यात बीज बचाओ आंदोलन उभे केले. मराठवाड्यातली सोयाबीनची सलग शेते पाहिलेल्या मला त्यांची काळजी समजावून घ्यावी लागली नाही. बोडींकडे बियाणे आजही वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात, राखेत घोळून ठेवलेले असते.

या शेतीला लागलेले ग्रहण वेगळेच आहे. शेजारच्या तीन पायऱ्या ओस पडल्या होत्या, कारण घरचे सगळे देहरादूनला गेले. त्या पडीक झुडपांत रानडुकरे दिवसभर दडतात आणि रात्री लगतच्या नाचणीत घुसतात. जेवणे उरकल्यावर बोडींचा मुलगा रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन मचाणाकडे निघाला. मध्यरात्र उलटली तरी तो डबा थांबून थांबून वाजत होता.