मांजराचे डोळे काचेवर

फ्रेमच्या दुकानात निम्मं काम जुन्या फ्रेमा उघडण्याचं. मागचा हार्डबोर्ड काढला की आधीच्या कारागिरानं काय करून ठेवलंय ते कळतं. सेलोटेपचे तपकिरी डाग, माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड चौकटीच्या, जागी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, आत कसर. २०१९ च्या पुरानंतर तर काचेला चिकटलेले लग्नाचे फोटो सोडवण्यातच महिने गेले. तरी मंगळवार पेठेतल्या आजींच्या फ्रेममध्ये जे निघालं, ते आजवर पाहिलं नव्हतं.

चित्र पोस्टकार्डाएवढं. कोळशानं काढलेलं, पोत्यावर अंग मुडपून बसलेलं मांजर. काच कोपऱ्यात तडकलेली, तेवढी बदलायची. सोबत नातू. त्यानं आधी विचारलं, "आबालाल रहमानांचं असंल काय ओ?" आबालाल हे इथले नामवंत चित्रकार, त्यामुळे कोल्हापुरात जुनं चित्र म्हटलं की हा प्रश्न येतोच. कागद उलटला तर गुळाच्या पेढीची छापील पावती, रकान्यावर 'रु. – न. पै.' नवे पैसे आले १९५७ ला, आबालाल गेले १९३१ ला. आजी म्हणाल्या, "आमच्या दादानं काढलंय. पेढीवर कारकून होता. उंदरांसाठी पाळलेलं मांजर ते."

काच उचलली आणि हात थांबला. काचेवर दुसरं मांजर होतं.

कोळसा कागदात मुरत नाही, नुसता वर बसतो. खरखरीत कागद त्याला धरून ठेवतो, पावतीचा कागद पडला गुळगुळीत. वरून फ्रेम करणाऱ्यानं मधे माउंट न घालता काच थेट चित्रावर दाबलेली. इतका आळस मला सहन होत नाही. दोन मिलिमीटरची फट पुरली असती. सगळ्यात गडद, म्हणजे सगळ्यात सैल कोळसा काचेनं ओढून घेतला होता. पाठीवरचे पट्टे अर्धे इकडे, अर्धे तिकडे. डोळे मात्र जवळपास पूर्ण काचेवर. कागदावरचं मांजर आंधळं दिसत होतं.

नातू म्हणाला, "काच पुसा, नवीन घाला. ॲक्रिलिकच घाला, हलकं पडंल." ॲक्रिलिकला स्थिर वीज धरते, उरलेला कोळसाही ती ओढेल. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पक्का करणारा फवारा, मारायचा तर राखाडी छटा काळवंडतात आणि ते परत काढता येत नाही. हे त्याला समजावतोय तोवर आजी म्हणाल्या, "तुमचा हात चांगला दिसतोय. तेवढं डोळं काढून द्या की."

मला जमलं असतं. कोळशाची कांडी ड्रॉवरमध्येच होती. मी नाही म्हणालो. दादांच्या मांजराला माझे डोळे कसे लावू? आजी गप्प बसल्या, पण त्यांना पटलं नव्हतं. चित्र त्यांचं, भाऊ त्यांचा. मग नाही म्हणायचा हक्क मला कुठून आला, हा प्रश्न त्या दिवसापासून सुटलेला नाही.

शेवटी दोन फ्रेमा केल्या. कागदाला वरच्या कडेला गव्हाच्या खळीनं पातळ कागदाच्या दोन पट्ट्या लावल्या, पुढे जाड माउंट आणि नवी काच. जुन्या काचेची तडकलेली बाजू फ्रेमच्या पट्टीखाली घेतली, कोळशाची बाजू आत, मागे फट सोडून पांढरा माउंट बोर्ड. तिरप्या उजेडात बोर्डावर मांजराची सावली पडते. नातवानं दोन फ्रेमांच्या पैशांवरून वाद घातला. माउंट कापायला किती वेळ जातो हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. मी एकीचेच घेतले.

परवा तो हळदीकुंकवाचा फोटो घेऊन आला, तेव्हा विचारलं. आजींनी काचेची फ्रेम देवघराशेजारी लावली आहे. कागदाची कपाटात, साड्यांखाली आडवी ठेवली आहे. "त्याला डोळं न्हाईत म्हणत्यात," तो म्हणाला. मी त्याला एवढंच सांगितलं, की वर साड्यांचं ओझं ठेवू नका, आणि पावसाळ्यात ती बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.