व्हिला व्हिसोझाचा राजवाडा आणि सोमवारचे बंद दार

१६६१ च्या विवाहकरारानुसार मुंबई बेट जिच्याबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाले, त्या कॅथरीनचा जन्म १६३८ मध्ये पोर्तुगालमधील व्हिला व्हिसोझा येथे, ब्रागांझा सरदार घराण्याच्या राजवाड्यात झाला. गिरगावात वाढल्यामुळे तो वाडा एकदा तरी पाहावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

लिस्बनहून एव्होरापर्यंत काहीच अडचण आली नाही. पुढच्या प्रवासासाठी मात्र मी एका प्रवासी कंपनीकडे प्रवेशासह गाडीचे पैसे आगाऊ भरले होते आणि सोमवारी वाडा उघडा असतो ना, असे दोनदा लेखी विचारून होकारही मिळवला होता. प्रत्यक्षात सोमवार हा तिथला सुट्टीचा दिवस. दार बंद पाहून मी कंपनीला फोन केला, तेव्हा ‘आमच्याकडे आजची जागा उपलब्ध दिसते’ हे एकच उत्तर तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी दिले. दाराचे छायाचित्र पाठवले, तरी पैसे परत हवे असतील तर अर्ज भरा म्हणाले; अर्जात कारणांच्या यादीत ‘स्थळ बंद’ हा पर्यायच नव्हता. याच घराण्यातून १६४० मध्ये पोर्तुगालच्या गादीवर आलेल्या चौथ्या जुआंव राजाच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ उन्हात उभे राहून मी दोन तास हेच बोलत होते. समोर ११० मीटर लांबीचा संगमरवरी दर्शनी भाग होता आणि संतापामुळे मला तो धड पाहताही येत नव्हता. शेवटी चालकाला परत पाठवले आणि गावातच मुक्काम केला. तो निर्णय मी पहिल्या अर्ध्या तासातच घ्यायला हवा होता.

मंगळवारी दुपारी आत गेले. मार्गदर्शकाबरोबरच फिरावे लागते आणि आमच्या गटाला माहिती पोर्तुगीजमधून मिळाली, म्हणून इतिहास आधी वाचून जावा. पोर्तुगालच्या कार्लुश राजाने १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनमध्ये हत्या होण्यापूर्वीची शेवटची रात्र इथेच काढली होती. त्याच्या दालनांत आमचा गट आपोआप शांत झाला. सर्वांत जास्त वेळ मी स्वयंपाकघरात रेंगाळले. भिंतभर तांब्याची पातेली, झाकणे, साचे लहानमोठ्या क्रमाने मांडलेले होते आणि ती लकाकी पाहून आजीच्या घरचा, चिंचेने घासलेला बंब आठवला.

आणखी एक: वेळा वाड्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच तपासाव्यात. माझे पैसे अजून परत आलेले नाहीत.