ओटा फोडल्यापासून

शुक्रवार

आज ओटा फोडला. पंचवीस वर्षांचा कडप्पा, सिंकपाशी खचलेला, खालच्या कपाटाला वाळवी लागलेली, गवंडी म्हणाला चार दिवसांत ग्रॅनाईट बसवून देतो वैनी, आणि मी हो म्हणून बसले. दुपारपर्यंत भांडी हॉलमधे, डबे पलंगाखाली, मिक्सर देवघरापाशी आणि सगळ्यावर पांढरी धूळ. गॅस व्हरांड्यात मांडलाय, त्यावर चहा आणि दूध तेवढं होतं. बाकी चार दिवस बाहेर खायचं, मजा करू या, असं मीच म्हणाले सगळ्यांसमोर. लेक खूष. नवरा गप्प, त्याला हिशेब दिसायला लागला असणार.

आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या मला नको तुमचं हॉटेल, मी दूध-केळं खाऊन राहीन. वय त्र्याहत्तर. लग्न होऊन आले तेव्हापासून यांना हॉटेलात एकदाच बघितलंय, ते पण पुतण्याच्या रिसेप्शनला, आणि तिथं पण घरनं नेलेलं पाणी.

शनिवार

सकाळी बेळगावातच, टिळकवाडीत नाष्ट्याला. उभ्यानं खायचं हॉटेल, आधी कूपन मग प्लेट. इडली वडा घेतला तर काउंटरवरचा विचारतो डिप का सेपरेट. डिप म्हणजे सांबारात बुडवून, सेपरेट म्हणजे वाटी वेगळी. मी जन्मभर डिपवाली, नवरा सेपरेटवाला, वीस वर्षं संसार झाला. चहा बाय टू. पुण्याची माझी बहीण आली की तिला हे बाय टू प्रकरण फार आवडतं, एक चहा सांगायचा आणि दोन ग्लासांत अर्धा अर्धा, कुणी तोंड वाकडं करत नाही, उलट बाय टू न म्हणता दोन फुल सांगितले तर पोऱ्या परत विचारतो.

आईंना पार्सल नेलं. उप्पीट. त्यांनी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं. केळं खाल्लं.

रविवार

लेकीची पाळी. पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यापासून हिला सगळे कॅफे माहीत, कुठं काचेच्या बरणीत कॉफी मिळते, कुठं झोपाळा आहे. एका ठिकाणी गेलो, नाव लिहीत नाही. भिंतीवर खोटी वेल, मेनू मोबाईलमधे स्कॅन करून बघायचा, चष्मा विसरलेला असला की संपलंच. पास्ता, पनीरचं काहीतरी, दोन कोल्ड कॉफी, एक ब्राऊनी. बिल आलं ९९३. मी बिल वाचते, ती माझी सवय आहे, ऑफिसात दिवसभर तेच करते. खाण्याचे ८६०, त्यावर सर्व्हिस चार्ज १० टक्के ८६, आणि मग त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. म्हणजे न मागता लावलेल्या पैशावर पण टॅक्स आम्हीच भरायचा.

म्हटलं हे काढा. तो पोरगा म्हणाला सिस्टीममधे आहे मॅडम, ऑटोमॅटिक येतं. म्हटलं सिस्टीममधे कुणीतरी घातलंय म्हणून येतं. २०२२ च्या जुलैतच केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय की असा चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, गिऱ्हाइकानं मनानं दिला तर दिला. हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले होते, मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. हे सगळं मी सांगितलं, बहुतेक जरा मोठ्यानं. मॅनेजर आला, तो इंग्लिशशिवाय बोलेना, मी पण मग मराठीशिवाय बोलले नाही. शेवटी १९१५ ला, म्हणजे ग्राहकांच्या हेल्पलाईनला, लावू का फोन म्हटल्यावर नवीन बिल आलं, ९०३.

लेक बाहेर आल्यावर म्हणाली, मम्मी, नव्वद रुपयांसाठी. तिच्या वर्गातली दोघं पलीकडच्या टेबलावर होती म्हणे. मी काय म्हणणार. पोऱ्याच्या हातात वीस रुपये ठेवून आले होते ते तिनं बघितलंच नाही.

मंगळवार

गवंडी काल आला नाही, आज आला नाही. फोन उचलला तर म्हणतो कटिंगवाला बंदोबस्तात अडकलाय. कटिंगवाला बंदोबस्तात कशाला अडकेल, खरं रस्ते बंद होते हे पण खरंच. कालपासून कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालंय ना. पहिला दिवस म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणणाऱ्या) महामेळाव्याची धरपकड, बॅरिकेड, सगळं दरवर्षीसारखं. २०१२ ला हलग्यापाशी हायवेला सुवर्णसौध, म्हणजे इथलं विधानभवन, उभं राहिलं तेव्हापासून डिसेंबर आला की अख्खं बेंगळूर इथं उतरतं. मंत्र्यासंत्र्यांचं मी म्हणत नाही, ते जेवतात कुठं ते आपल्याला दिसत पण नाही. त्यांचे ड्रायव्हर, पीए, निवेदनं घेऊन आलेली मंडळी, आणि राज्यभरातले पोलीस. हे सगळे जेवणार कुठं, तर जिथं आपण जेवणार तिथंच. ओटा फोडायला मला हाच महिना सापडला.

रात्री कुठंच जागा नाही म्हणून गाड्यावरची गोबी मंच्युरी. मार्च २०२४ ला कर्नाटक सरकारनं कृत्रिम रंगावर बंदी आणली तेव्हापासून ती लालभडक गोबी गेली, आता मातकट दिसते. चव तीच असणार, खरं डोळे मानत नाहीत. लेक म्हणते आधीची पॉयझन होती. असेल.

आईंचा केळ्यांचा पाचवा दिवस. चेहरा उतरलाय. मला फार वाईट वाटलं आणि राग पण आला.

गुरुवार

आजचं नीट लिहिते.

नवऱ्यानं ठरवलं की आज आईला घेऊन जायचंच, आणि ते पण खानावळीत, भाकरी तरी खाईल. एक जुनी खानावळ आहे, पाटी कन्नडमधे, आत फरशीची टेबलं. एका कोपऱ्यात चुलीपाशी एक बाई बसून भाकरी बडवते, समोर लाकडी परात, थापते म्हणण्यापेक्षा बडवते हेच बरोबर, तिचा तो पट पट आवाज रस्त्यावर येतो. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वेताच्या बुट्टीत रचलेली. आई दारात थांबल्या, मला वाटलं आता परत फिरतात. त्या चुलीकडं बघत होत्या.

ताटात एण्णेगाई, म्हणजे आपली भरली वांगीच खरं तेल आणि कूट सढळ, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, वर दही, बाजूला कच्ची मेथी, कांद्याची पात आणि मुळा. भाकऱ्या संपल्या की भात सांबार, शेवटी ताक. ताट १२० रुपये. आईंनी घरची पाण्याची बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून जेवायला लागल्या. दोन भाकऱ्या. तिसरी अर्धी. कुणी काही बोललं नाही, बोललं तर थांबतील अशी भीती.

बिल चार ताटांचं ४८०. नवऱ्यानं फोननं दिले. काउंटरवरचा तो डबा कन्नडमधे बोलला, एंटुनूर नलवत्तु रूपायी स्वीकरिसलागिदे. आम्ही तिघं दाराकडं निघालो होतो. मागनं आई म्हणाल्या, "अरे थांब, आठशे चाळीस गेले. चारशे ऐंशी द्यायचे ना?"

नवऱ्यानं फोन बघितला. खरंच ८४०, आकडे उलटे पडलेले. आणि मग आई वळल्या आणि गल्ल्यावरच्या माणसाशी कन्नडमधे बोलायला लागल्या, अडखळत नाही, शोधत नाही, भरभर, हातवारे करून. त्यानं हसत ३६० रुपये रोख काढून दिले. चुलीवरच्या बाईनं तिथूनच विचारलं, याव ऊरव्वा निम्दु? आई म्हणाल्या, गोकाक. आणि पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं चपला घालून बाहेर उभे.

मला माहीत होतं की आईंचं माहेर गोकाकचं, वडील गोकाक फॉल्सच्या मिलमधे कामाला. चाळीत सगळे कन्नड बोलणारे, मग पोरीला कन्नड येणारच, हा हिशेब मी वीस वर्षांत कधी मांडलाच नाही. घरी एक शब्द ऐकला नव्हता. भाजीवालीशी पण मराठी. मामंजी समितीचे, १९८६ ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात आत जाऊन आलेले, घरी पेपर मराठी, रेडिओ सांगलीचा. आईंनी बोलू नये असं ते कधी म्हणाले का, तर नवऱ्याला तसं काही आठवत नाही. रात्री मी आईंना विचारलं, तुम्ही कधी बोलला नाहीत ते? त्या पांघरूण झटकत होत्या. म्हणाल्या, "कुणाशी बोलू? तुला येतंय होय?"

मला येत नाही. ऑफिसपुरतं येतं, गोत्तिल्ला, साकु, स्वल्प, एवढंच.

शुक्रवार

ग्रॅनाईट आलं. रंग वेगळाच आलाय. काळा सांगितला होता, हिरवट दिसतोय. गवंडी म्हणतो पॉलिश केल्यावर काळा होतो.

शनिवार

आज आईच साडेबाराला साडी नेसून तयार. "काय बसलाय, गर्दी होते मग." आम्ही एकमेकांकडं बघितलं.

खानावळ पोलिसांनी भरलेली. आमच्या टेबलावर जागा होती म्हणून एक पोरसवदा कॉन्स्टेबल येऊन बसला, ड्युटीवर सुवर्णसौधला, गाव तिकडं दक्षिणेत मंड्याकडचं. त्यानं भाकरी उचलली, वाकवली, ती मोडली. त्याला मुद्दे (नाचणीचे उंडे) नाहीतर भात पाहिजे होता आणि भात अजून उतरला नव्हता. आईंना ते बघवेना. त्यांनी त्याला समजावलं, त्यांच्या गोकाकच्या कन्नडमधे, की आधी चुरून दह्यात घाल, वर चटणी घे, भात पाच मिनिटांत येतोय. आईंचं कन्नड म्हणजे आपल्या इकडचं, ऐति आणि बर्तैति वालं, आणि वेग मिलच्या मशीनचा. तो पोरगा तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला आणि मग अगदी अदबीनं म्हणाला,

"अम्मा, इदु मराठीना?" म्हणजे, हे मराठी का?

नवऱ्याला ठसका लागला. भाकरीवाली बाई हसून हसून परातीवर वाकली. आईंना मात्र काही गंमत वाटली नाही, त्यांचा चेहरा असा झाला की कुणीतरी त्यांच्या माहेरालाच नाव ठेवलंय. रिक्षात बसेपर्यंत पुटपुटत होत्या, बेंगळूरकडच्यांना कुठं कन्नड येतंय, नुसतं लाडात बोलतात. मामंजी असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. मला वाटतं तेसुद्धा हसले असते. नवऱ्याला नाही तसं वाटत.

खरं पोरानं दह्यात चुरून खाल्ली. तीन भाकऱ्या.

रविवार

ओटा झाला. हिरवटच आहे. दहाव्या दिवशी माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं, शिवाय आठवड्यापूर्वीचं नव्वद रुपयांचं भांडण अजून घरात जिवंत आहे, लेक अजून त्या कॅफेच्या रस्त्यानं जात नाही. गवंड्याला पैसे दिले आणि पोरांना न्यायला पाव किलो कुंदा. जाताना म्हणतो, वैनी, बाथरूमचं पण करून टाकू या की. मी दार लावलं.

संध्याकाळी नव्या ओट्यावर दूध उतू घातलं. मग मी कुकर लावला, वरण भात, वर तूप, नऊ दिवस जीव ज्याच्यासाठी तळमळत होता ते. लेक दोनदा घेऊन जेवली. आईंनी ज्वारीचं पीठ काढलं, म्हणाल्या बघू या. थापायला नाही बसल्या, पाट घेतला आणि बडवायला लागल्या, तसंच, पट पट पट. पहिली फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी आली, पण कड जाड. त्यांनी ती उजेडाला धरली, बोटानं कड दाबून बघितली आणि म्हणाल्या, "तिच्यासारखी नाही येऊलाली."

बुधवारी परत जायचं ठरलंय. शिकायला वगैरे नव्हे म्हणे, नुसतं बसायला, दुपारी तीननंतर गर्दी नसते तेव्हा, त्या बाईनंच बोलावलंय. मी विचारलं सोबत येऊ का. म्हणाल्या, तू येऊन काय करणार, तुला काय कळणार आमचं. रिक्षानं जाईन. आणि पलंगाखालचे स्टीलचे दोन मोठे रिकामे डबे घासून ठेव म्हणाल्या.