आमची वाटचाल : पडद्याबरोबर हलणाऱ्या खुर्च्या

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं तेव्हा काम एकच : हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर आणि तो दाब देणारे पॉवर पॅक यांची दुरुस्ती. प्रेस, डंपर, फाउंड्रीतली मशिनं, येईल ते घ्यायचं. चैत्रात जोतिबाची यात्रा जवळ आली की पाळणेवाले यायचे. त्यांची घाई ठरलेली, उधारीही ठरलेली. पण वडिलांनी त्यांना कधी परत पाठवलं नाही. करमणुकीच्या धंद्याशी आमची सोयरीक जुळली ती अशी.

कलाटणी मात्र एका मॉलमुळे मिळाली. तिथे परदेशातून आणलेलं छोटं थिएटर होतं. पडद्यावर फिल्म चालणार, तिच्याबरोबर खुर्च्या हलणार. सिलिंडरमधलं तेल अडवणारे सील गेल्यामुळे तेल गळत होतं आणि माणसं मळमळतंय म्हणून अर्ध्यातूनच उठत होती. फिल्मच भिकार आहे, अशी मालकांची समजूत. आम्ही सिलिंडरचं होनिंग केलं, म्हणजे ते आतून घासून गुळगुळीत केले, सील बदलले, व्हॉल्व्ह साफ केले आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. दोष फिल्मचा नव्हताच : पडद्यावरचं यान आधी वळायचं आणि खुर्ची क्षणभर मागून. डोळे एक सांगतात आणि कानातला तोल दुसरंच. मग पोट बिचारं काय करणार?

त्यानंतर या राइड मुळात बनल्या कशा, याचा मला नाद लागला आणि पुढे आम्ही स्वतःच अशा खुर्च्या बनवू लागलो. या सगळ्यांतलं मोठं नाव म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची ‘स्टार टूर्स’. ‘द ब्लॅक होल’ या डिस्नेच्याच १९७९ च्या सिनेमावर राइड करायचा विचार आधी होता. तो बारगळला आणि जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ पुढे आला. ९ जानेवारी १९८७ ला राइड सुरू झाली. मला त्यातलं सर्वात पटतं ते हे, की डिस्नेने यंत्र नव्याने शोधत वेळ घालवला नाही. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर बनवणाऱ्या इंग्लंडच्या रीडिफ्यूजन कंपनीचं तंत्र घेतलं आणि त्यावर ४० माणसांची केबिन चढवली. खर्च आला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर. १९५५ मध्ये अख्खं डिस्नेलँड उभं राहिलं होतं साधारण १ कोटी ७० लाखांत!

एवढा पैसा कशासाठी, तर माणसाला नीट फसवण्यासाठी. सिलिंडर धावून धावून किती धावणार? यान सुसाट सुटलं असं दाखवायचं असेल तर केबिन हळूच मागे कलते. तुमच्याच वजनाने पाठ खुर्चीत रुतते. बाहेरचं काही दिसत नसतं, समोर तारे मागे पळत असतात, त्यामुळे मन त्या रेट्याला वेग समजतं. पुढच्या धक्क्यासाठी केबिन परत सरळ व्हावी लागते, आणि ते इतकं सावकाश की बसणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. आमच्याकडे येणाऱ्या नव्या पोराला आधी हे परतणंच शिकवतो. धक्के काय, कुणीही देतं.

फ्लोरिडात १९९१ साली युनिव्हर्सलने ‘बॅक टू द फ्यूचर’वर राइड काढली. आठ जणांची डिलोरियन गाडी आणि समोर घुमटाएवढा पडदा. फिल्म डग्लस ट्रंबल यांची. ही राइड २००७ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी त्याच इमारतीत ‘सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेवरची राइड आली. ‘स्टार टूर्स’लाही २०११ मध्ये नवी थ्रीडी फिल्म मिळाली, तीही प्रसंग आलटून पालटून दाखवणारी. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’वरची राइड आहे. तो सिनेमाही १९८७ चाच. धंद्याच्या हिशेबाने मी यातून एवढंच घेतलं, की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते नव्या फिल्मसाठी. म्हणून मशिनवर आम्ही फार नफा धरत नाही. देखभालीचा करार आणि नव्या फिल्मचं प्रोग्रॅमिंग यांवर आमचं भागतं.

फिल्मचा विषय निघाला की हमखास मागणी येते, ‘तो डायनासोरचा सिनेमाच टाका की!’ हक्क विकत घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या सिनेमाचं नाव आणि पात्रं आम्ही लावत नाही. त्यापायी ऑर्डरी गेल्यात, जाऊ देत. कोल्हापुरातलीच ॲनिमेशन करणारी पोरं आम्हाला फिल्म बनवून देतात. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला, तेव्हा माणसांची वाण इथे नव्हतीच. पोरं कॅमेऱ्याच्या वाटेचा डेटा देतात, त्यावरून खुर्चीच्या हालचालीचा पहिला आराखडा निघतो. तो जसाच्या तसा चालवला तर माणूस खुर्चीतून फेकला जाईल. मग आम्ही एकेक वळण हाताने उतरवतो. शेवटची चाचणी घरच्या वडीलधाऱ्यांवर. ते सुखरूप उतरले तर फिल्म पास.

आता हायड्रॉलिकऐवजी सर्व्हो मोटरवरचे, म्हणजे सांगितलं तेवढंच नेमकं फिरणाऱ्या मोटरवरचे, इलेक्ट्रिक सिलिंडर घालतो. तेलाची कटकट गेली, खुर्ची झटपट ऐकते. फक्त मध्येच लाइट गेली की माणसं वरच्या वर अडकायची भीती. त्यासाठी वेगळा यूपीएस लागतो, जो सगळ्यांना खाली आणूनच थांबेल. दरपत्रकात ती ओळ दिसली की गिऱ्हाईक पेन काढतं आणि विचारतं, ‘हे नंतर बसवलं तर?’ नंतर नाही बसवत. त्याच्याशिवाय मशीन शेडबाहेर जात नाही.