बेळगावातला खड्डा कुणाचा आणि कुठल्या पैशातला

नगरसेवकाला फोन करण्याआधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते पाहून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच भरकटतात. महानगरपालिकेचे 58 प्रभाग आहेत, पण कॅम्पातले रस्ते कॅन्टोन्मेंट बोर्डाचे. हिंडलगा, कंग्राळीकडे हद्द ओलांडली की ग्रामपंचायत लागते. राष्ट्रीय महामार्ग 48 वरचा खड्डा महामार्ग प्राधिकरणाचा. बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, वसाहत पालिकेकडे हस्तांतरित झाली नसेल तर तिथल्या रस्त्यावर पालिका हात लावत नाही. बाँड पेपरवर घेतलेल्या प्लॉटांच्या गल्ल्या तर कागदोपत्री रस्ताच नसतात. घरपट्टी भरली म्हणून तो कागद तयार होत नाही.

आता पैसा. 'निधी आला' असे वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा कुठला निधी, हे विचारायचे. घरपट्टी पालिकेची स्वतःची, म्हणून एप्रिलमध्ये भरणाऱ्याला 5 टक्के सूट मिळते. पण तिच्यातून आधी पगार, कचरा आणि पथदीप निघतात. राज्य वित्त आयोगाचा निधीही सगळा मोकळा नसतो. त्यातला जो 'मुक्तनिधी' म्हणतात, तोच गल्लीच्या डांबराला कामी येतो. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवले होते, म्हणजे रस्त्याला वाव उरला 40 टक्क्यांतच. शिवाय 24.10 टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, 7.25 टक्के इतर दुर्बळ घटकांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी बाजूला ठेवावे लागतात. हे योग्यच आहे. मात्र त्या तरतुदीतला पैसा दुसऱ्या गल्लीला वळवता येत नाही, हे नगरसेवकाशी हुज्जत घालताना ध्यानात असू द्या.

नगरोत्थान या राज्याच्या शहरविकास योजनेची कामे जिल्हा पातळीवर ठरतात. उत्तर आणि दक्षिण या दोन्ही मतदारसंघांच्या आमदारांना वर्षाला प्रत्येकी 2 कोटी, खासदारांना 5 कोटी स्थानिक विकासनिधी असतो, पण खासदारांच्या 5 कोटींत अख्खा मतदारसंघ येतो. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव 2016 साली आले. ती योजना मार्च 2025 मध्ये संपली. त्या पैशातून झालेल्या रस्त्यांची देखभाल आता कुणाच्या खिशातून, याचे उत्तर घरपट्टीतच सापडते.

कामाचा प्रवास असा: प्रभागाचा अभियंता मोजमाप घेतो, बांधकाम खात्याच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो, वर 18 टक्के जीएसटी आणि 1 टक्का कामगार उपकर धरतो. मग क्रिया योजनेत, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, नाव, तांत्रिक मंजुरी, ऑनलाइन टेंडर, कार्यादेश. याला काही महिने जातात. म्हणून पावसाळ्यानंतर काम हवे असेल तर अंदाजपत्रक जुलै-ऑगस्टमध्येच तयार हवे. दिवाळीनंतर अर्ज दिला की काम मार्चच्या बिलघाईत सापडते आणि दबाईला वेळ उरत नाही. विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनाआधी सुवर्णसौध या विधानभवनाकडच्या वाटा गुळगुळीत करायच्या असल्या की हाच प्रवास भराभर उरकतो, ती गोष्ट निराळी.

अंदाजपत्रक हाती आले तर बेरीज नंतर बघा, आधी थर वाचा. नुसता 25 मिलिमीटरचा वरचा थर लिहिला असेल आणि खाली खडीचा पाया खचलेला असेल, तर ते काम दोन पावसाळे काढणार नाही. बळ्ळारी नाल्याकडच्या काळ्या जमिनीत तर नाहीच, कारण ती माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. गटाराची तरतूद आहे का आणि रस्त्याला मधून कडेला 2.5 टक्के उतार आहे का, हेही पाहा. म्हणजे दर मीटरला अडीच सेंटिमीटर. गल्लीत सिमेंट काँक्रीट करताना जुना थर खरवडून काढणे अंदाजपत्रकात नसेल, तर रस्त्याची पातळी चढते आणि पाणी उंबऱ्यातून आत येते. जुन्या गल्ल्यांत हे नेहमीचेच.

खड्डा बुजवण्याची रीत अवघड नाही, कंटाळवाणी आहे. कडा चौकोनी, उभ्या कापायच्या. सैल माती, पाणी काढून तळ कोरडा करायचा. तळाला आणि कडांना डांबराचे पातळ इमल्शन मारायचे, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. मग गरम डांबरमिश्रण. 1 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, साडेसात सेंटिमीटर खोल खड्ड्याला दाबून सुमारे 105 किलो माल लागतो. टाकताना तो दीड-दोन सेंटिमीटर वर हवा, कारण रोलरखाली बसतो. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचा माल पसरताना 140 अंशांच्या वर आणि दाबताना 90 च्या वर असावा. लांबच्या प्लांटवरून ताडपत्रीशिवाय आलेला माल गल्लीत पोचेपर्यंत काळी खडी होऊन बसतो. भर पावसात मात्र गरम माल वापरूच नये. त्यासाठी पोत्यातले थंड मिश्रण मिळते. महाग पडते, पण टिकते.

जलवाहिनीसाठी खोदलेला चर ही बेळगावची खास दुखरी नस. भराई 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर दाबून व्हायला हवी. उकरलेलीच माती ढकलून वर डांबर ओतले की पहिल्या पावसात चर खचतो. अशा वेळी खोदाई कुणाच्या परवानगीने झाली, रस्ता पूर्ववत करायचे पैसे पालिकेकडे भरले का, हे विचारावे.

विचारायचे माहिती अधिकारातून. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा लागतो, मराठीत नाही. कर्नाटकात शुल्क 10 रुपये, एका अर्जात एकच विषय आणि मर्यादा 150 शब्दांची. कन्नडमध्ये मागायचे कागद: 'अंदाजु पट्टी', 'कार्यादेश' आणि 'अळते पुस्तक', म्हणजे मोजमाप वही. कार्यादेशात दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे बिघाडाची जबाबदारी ठेकेदारावर राहते ती मुदत, लिहिलेला असतो. तो संपलेला नसेल तर त्या खड्ड्यासाठी नवा निधी मागू नका. ठेकेदाराची अनामत पालिकेकडे असते, दुरुस्ती त्याच्याच खर्चाने व्हायला हवी, आणि तारखेसह फोटो जोडलेला अर्ज त्या मुदतीच्या आत पोचला पाहिजे.