टायमर लावू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तिसरी-चौथीतलं मूल गृहपाठाला बसलं की 10 मिनिटांत चारदा उठतं, तर टायमर लावावा का? ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे बसणं-लिहिणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, हे हमखास विचारतात.

आधी खुर्ची बघा. डायनिंग टेबलाशी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाचे पाय बहुधा लोंबकळत असतात. मग तोल सावरायला ते पाय दांड्याला गुंडाळतं, मांडी घालतं, गुडघ्यांवर उभं राहतं आणि चुळबुळं ठरतं. पायाखाली पाट द्या, तळवे पुरते टेकले पाहिजेत. पाठीशी उशी. टेबल कोपराच्या उंचीचं, फार तर इंचभर वर.

बसण्याआधी 10 मिनिटं अंगाला जोराचं काम. नुसती पळापळ नको, त्यानं काही मुलं आणखी उधळतात. रेटणं, ओढणं, उचलणं हवं: भिंतीला हात टेकून 10 दंड, अर्धी बादली पाणी कुंड्यांपर्यंत, किंवा कणीक तिंबणं. पोळ्यांच्या मऊ कणकेचा उपयोग नाही. पुऱ्यांना भिजवतो तशी घट्ट लागते.

आता टायमर. तो लावायचा की नाही, हे मूल का उठतं त्यावर ठरतं. लक्ष न टिकणारं मूल कामाच्या मधेच उठतं, खिडकीत कावळा ओरडला तरी पुरे. धास्तावलेलं मूल सुरू करण्याआधीच उठतं: पाणी, शू, पेन्सिलीला टोक. बसलं तर एकच अक्षर कागद फाटेपर्यंत खोडतं आणि दर ओळीला विचारतं, "बरोबर आहे ना?"

पहिल्याला 8 मिनिटांचा टायमर लावा, उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असा. दुसऱ्याला मात्र ती टिकटिक म्हणजे परीक्षाच! त्याला मिनिटं नकोत, मोजकं काम द्या: तीन गणितं, बाकीची कोऱ्या कागदाखाली झाकलेली. पहिलं मुद्दाम सोपं. खोडरबर उचलून ठेवा. चुकलं तर एक आडवी रेघ. हे बाईंना आधी कळवा, नाहीतर वहीवर लाल शेरा येतो आणि सगळं मुसळ केरात.

चारपर्यंत मोजत श्वास आत, सहापर्यंत बाहेर, हे रडू फुटल्यावर शिकवू नका. तेव्हा डोक्यात काही शिरत नाही. रोज रात्री अंथरुणात, पोटावर छोटं खेळणं ठेवून, पाच श्वास.

एकाच मुलात दोन्ही असणंही नेहमीचं. म्हणून आठवडाभर लिहून ठेवा: किती वाजता उठलं, कोणत्या विषयाला, आधी की मधेच. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखत असेल तर तेही. थेरपिस्टकडे जाताना ती वही बरोबर न्या.